फडक्यावर उतरलेला लाल

आमची जुनी लाल गाडी सावलीत बरी दिसायची. उन्हात उभी केली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं. हे ओरखडे मुळात गोल नसतात. बारीक रेघा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल वाटतात. आणि त्या पाडल्या कुणी? मीच. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसून.

हे जाळं मशीनने पॉलिश करून काढायचं ठरवलं. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश घासलं. कापड लाल. म्हणजे सिंगल-स्टेज रंग. वर क्लिअरकोटचा पारदर्शक थर नाही, जे घासायचं ते थेट रंगातूनच जाणार. जाडी मोजायचं मीटर मागून आणलं. बॉनेटच्या मध्यावर 110 मायक्रॉन दाखवलं, पण त्यात खालचा प्रायमरही धरलेला असतो. निव्वळ रंग किती उरलाय ते कळलं नाहीच.

गाडी धुतली, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवला. बोटांवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून हात फिरवला की खरखर लगेच कळते. ती जाईपर्यंत क्ले.

मग मशीन. नुसतं गोल फिरणारी रोटरी मिळत होती, पण माझ्यासारख्या नवख्याने फिरता फिरता डोलणारी, रंगाला जरा सौम्य अशी ड्युअल ॲक्शनच घ्यावी असं माझं मत. बॉनेटच्या दोन फुटी चौकोनात आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश लावून बघितलं. पांढुरकेपणा गेला, जाळं राहिलं. मध्यम पॅड आणि जरा कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, घेतल्यावर तेही विरळ झालं. पण तिसऱ्या चौकोनापासून मशीन अडखळायला लागलं, रंगाचे चिकट फराटे उठायला लागले. पॅड उलटं करून पाहिलं तर कुंकवाच्या करंड्यात बुडवल्यासारखं, वर रंग सुकून कडक झालेला. तेव्हापासून दर चौकोनानंतर ब्रशने पॅड झाडायचं आणि चार पॅड आळीपाळीने वापरायचे. अर्धा वेळ यातच गेला.

बॉनेटच्या उंचवट्याच्या धारेवर टेप लावायचा मी कंटाळा केला. धारेवर रंग मुळात पातळ बसतो. दोनच फेऱ्या, आणि तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी प्रायमर माझ्याकडे बघतोय! पोटात गोळाच आला. तिथे टच-अपचा ठिपका दिलाय. मला दिसतो, इतरांना दाखवावा लागतो.

पॉलिशच्या तेलाने ओरखडे झाकले जातात, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून टॉर्च मारला. चार-पाच खोल रेघा अजून होत्या. त्या तशाच सोडल्या. त्यांच्यामागे लागलो असतो तर आणखी राखाडी दाणे उगवले असते.

शेवटी मेण लावलं. ते पुसलेल्या मऊ फडक्यावरही फिकट गुलाबी छटा उतरलीच.