आल्प्सची रेल्वेसहल: काय पक्कं केलं, काय मोकळं सोडलं

युरोपला रेल्वेने फिरायचं ठरवलंय म्हटलं, की ओळखीतला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो: "पास कोणता काढलास?" पास म्हणजे ठरावीक दिवस गाड्यांतून हवं तितकं फिरू देणारं तिकीट. मी पासचा निर्णय जवळजवळ शेवटी घेतला आणि तो तसाच घ्यावा असं माझं मत आहे. वाट ठरलेली नसताना पास घेतला, की पास वसूल करण्यासाठी माणूस उगाच गाड्यांत बसत सुटतो.

आम्ही चौघं जाणार होतो: मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत. नोकरीतली बरीच वर्षं कसारा-इगतपुरी घाटात गेली, त्यामुळे त्यांना बर्फापेक्षा चढणीत रस. आमचा कसारा घाट ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गावर चढण साधारण १४ला १ आहे आणि तीही गाडीचं दातेरी चाक अडकवायला मध्ये जो दात्यांचा रूळ टाकतात, त्याच्याशिवाय, हे कळल्यावर बाबा म्हणाले, "अगं, मग बाकीचं तुम्ही काय ते ठरवा. ही लाइन तेवढी सोडू नका." वाटेचा पहिला खुंटा असा ठोकला गेला.

बाकीची वाट त्याच्या दोन्ही बाजूंनी वाढवत नेली. झुरिकला उतरायचं, ल्युसर्नला मुक्काम, तिथून कूर, कूरहून बर्निना ओलांडून इटलीतलं तिरानो. पुढे मिलान आणि व्हेरोना फक्त गाड्या बदलायला, मग बोल्झानोला मुक्काम. तिथून ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रियात इन्सब्रुक आणि आर्लबर्ग मार्गाने परत झुरिक. एक मोठा फेरा, तीन देश. जायचं-यायचं विमान एकाच शहरातून असल्याने तिकीटही सोपं झालं. युंगफ्राउयोख आणि टिटलिस ही बर्फाची प्रसिद्ध ठिकाणं वाटेत नाहीत म्हटल्यावर नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. मला त्याचं काही वाटलं नाही. एका शिखरावर जाऊन परत येण्यात जो दिवस जातो, तेवढ्यात आम्ही एक अख्खी खिंड ओलांडणार होतो.

आता वेळापत्रक. स्विस रेल्वेच्या ॲपवर बसणं हा बाबांचा संध्याकाळचा उद्योग झाला. तिथल्या बहुतेक मार्गांवर गाडी दर तासाला, काही ठिकाणी दर अर्ध्या तासाला, त्याच मिनिटाला सुटते. ही पद्धत १९८२ पासून देशभर आहे आणि मोठ्या स्टेशनांवर गाड्या एकाच सुमाराला आणतात, म्हणजे उतारूंना एकीतून उतरून दुसरीत बसता येतं. त्यामुळे ॲप बिनधास्त पाच-सहा मिनिटांचं कनेक्शन दाखवतं. बाबांना ते काही पटेना. "बॅगा घेऊन पाच मिनिटांत फलाट बदलायचा?" मग आम्ही एक नियम केला. स्वित्झर्लंडमध्ये कनेक्शन चुकलं तर चुकलं, पुढची गाडी तासाभरात आहेच, म्हणून तिथे काहीच बांधून घ्यायचं नाही. तिरानोहून मिलानला मात्र गाड्या साधारण दोन तासांनी असतात, तिथे हाताशी भरपूर वेळ ठेवायचा. बोल्झानो-इन्सब्रुक आणि इन्सब्रुक-झुरिक या लांबच्या गाड्या आधीच आरक्षित करायच्या. कुठे मोकळं राहायचं आणि कुठे बांधून घ्यायचं, हे एकदा ठरलं आणि आखणीतला अर्धा ताण गेला.

व्हिसाला मात्र मोकळं सोडलेलं काही चालत नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकच असला तरी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, याचा नियम आहे: जिथे मुक्काम सर्वांत जास्त तिथे, आणि मुक्काम सारखेच असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. म्हणून रात्री मोजून, स्वित्झर्लंडच्या सगळ्यात जास्त येतील असंच मुक्काम वाटलं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीमुळे मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटसाठी झुंबड उडते, त्यामुळे थंडी सरायच्या आत हे काम उरकलेलं बरं. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची त्याच्या निम्मी. सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, याचं आमच्या लेकीला फार वाईट वाटलं.

अर्जासोबत मी दिवसवार तक्ता जोडला: तारीख, कुठून कुठे, कोणत्या गाडीने, रात्रीचा पत्ता. हॉटेलं सगळी फुकट रद्द करता येतील अशीच घेतली, गाड्यांची तिकिटं मात्र तोवर काढली नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी तक्ता पाहून विचारलं, "एवढी शहरं? टूर कोणती आहे?" कुठलीच नाही, आम्हीच आखलंय, असं सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. सगळे पत्ते आणि तारखा एकमेकांशी जुळत होत्या, त्यामुळे पुढे काही विचारलं नाही. अशा वाकड्यातिकड्या प्रवासात एक रात्र जरी अधांतरी राहिली तरी प्रश्न येणारच.

पासपोर्ट हातात आल्यावर पासचं गणित मांडलं. वाट समोर होती, त्यामुळे ते एका संध्याकाळचं काम होतं. युरोपातल्या अनेक देशांसाठी असलेला युरेल पास तिन्ही देशांत चालला असता, पण इटलीतल्या लोकल गाड्यांची भाडी मुळात कमी आणि आमचे लांबचे प्रवास थोडेच, त्यामुळे तो आम्हाला परवडेना. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, आणि आमचा स्वित्झर्लंडमधला प्रवास सुरुवातीला सलगच होता. त्यात गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी येतात, बर्निना मार्ग थेट तिरानोपर्यंत येतो आणि ल्युसर्नजवळच्या रिगी डोंगरावर चढणाऱ्या गाड्याही पूर्ण येतात. आईबापांबरोबर असलेल्या सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट, ते मात्र मागून घ्यावं लागतं. ज्यांचा तळ एकाच गावी आहे आणि प्रवास अधूनमधून, त्यांनी महिनाभर निम्म्या भाड्याची सोय देणारं हाफ फेअर कार्डही लावून बघावं. बाबांनी ज्येष्ठ नागरिक सवलत विचारली. स्विस पासात ती नाही. "म्हणजे आपल्यासारखंच," ते म्हणाले. आपल्याकडची मार्च २०२० पासून बंद आहे, हे दुःख त्यांनी स्वतःला सेवानिवृत्तांचा पास असूनही सोडलेलं नाही.

ऑस्ट्रियन रेल्वेची स्वस्त आगाऊ तिकिटं त्याच गाडीला बांधलेली असतात, गाडी चुकली की तिकीट गेलं. पैसे भरताना आमच्या बँकेचं कार्ड पुन्हा पुन्हा नाकारलं जात होतं. परदेशी ऑनलाइन व्यवहार कार्डावर आधी चालू करून घ्यावे लागतात, शिवाय ओटीपी येणारा नंबर रोमिंगवर हवा. ही दोन्ही कामं निघण्याआधी घरूनच उरका.

बर्निना एक्स्प्रेसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. छतापर्यंत काचा असलेली ती लाल गाडी सुंदरच आहे, पण तिला पासशिवाय वेगळं सक्तीचं आरक्षण लागतं आणि काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवरून साध्या प्रवासी गाड्या दिवसभर, साधारण तासातासाला धावतात. आरक्षण नाही, कुठेही उतरा, आणि अनेक गाड्यांना उघडणाऱ्या खिडक्यांचे जुने डबे असतात. आम्ही साधी गाडी घेतली. मध्ये पोंत्रेसिनाला मुक्काम केला, कारण कूर ते मिलान एका दिवसात होतं खरं, पण मग बघणार काय? लांडवासर पूल ६५ मीटर उंच आहे, वळणावर आहे आणि संपताच गाडी थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. बाबांनी तो नातीच्या खांद्यावरून, खिडकीबाहेर डोकं न काढता पाहिला. नियम म्हणजे नियम. २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनाला आम्ही उतरलो. जूनच्या पहिल्या आठवड्यातही रुळांच्या कडेला बर्फ होता. तिथे पाणी वाटलं जातं: एका बाजूचं इन नदीतून डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला, दुसऱ्या बाजूचं पो नदीतून एड्रिअ‍ॅटिकला. तिथून तिरानोपर्यंत गाडी चाळीसेक किलोमीटरच्या आत १,८०० मीटरहून अधिक उतरते. ब्रुसिओला ती स्वतःभोवती गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते. बाबा बाकीच्यांसारखा फोटो काढत नव्हते, ब्रेकचा आवाज ऐकत होते. "बँकर नाही, काही नाही," एवढंच म्हणाले.

तिरानोला स्विस आणि इटालियन स्टेशनं शेजारी शेजारी आहेत. तिथे ठेवलेला मोकळा वेळ जेवणात सत्कारणी लागला. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते, मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. नाहीतर तिकीट असूनही दंड. उन्हाळ्यात रुळांची कामं निघाली तर मधल्या टप्प्यात बस देतात, म्हणून आदल्या रात्री ॲप बघायचंच.

बोल्झानोबद्दल मुंबईत फारसं कोणी बोलत नाही, पण आम्हाला सगळ्यात आवडलं ते तेच. पाट्या इटालियन आणि जर्मन दोन्ही, त्यामुळे वेळापत्रकात ते बोत्सेन या नावानेही सापडतं. १९९१ साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्सी, इथल्या संग्रहालयात आहे. रोपवेने वर रिटनच्या पठारावर गेलं, की एक छोटी रेल्वे मिळते. ती १९०७ची आहे, म्हणजे नेरळ-माथेरानच्याच वर्षाची. ती मीटरगेज आणि विजेवर चालते. मूळची लाइन खाली बोल्झानोपासूनच चढत यायची, १९६६ साली त्या चढाची जागा रोपवेने घेतली. बाबांनी त्या गाडीत बसून दोन फेऱ्या मारल्या. लेकीने आइस्क्रीमच्या मोबदल्यात साथ दिली.

खाण्याचं थोडक्यात: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, तेव्हा तूप आणि पेढे घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी चालते. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी मिळतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. बॅग प्रत्येकी एक, आणि ती ज्याची त्याला उचलता आली पाहिजे.

इन्सब्रुकला पुन्हा इन नदी भेटली, पोंत्रेसिनाजवळून निघालेलं पाणी तिथवर आलेलं. शेवटच्या गाडीने आर्लबर्गचा १८८४चा दहा किलोमीटरहून लांब बोगदा ओलांडला, न थांबता लिख्टेनश्टाइन हा चिमुकला देश पार केला आणि स्विस सीमेवरच्या बुक्स स्टेशनात गाडीची दिशा उलटी झाली. समोर तोंड करून बसलेले सगळे उलट्या दिशेने जाऊ लागले. बाबांना हे वेळापत्रकावरूनच ठाऊक होतं. आरक्षण करताना त्यांनी मला दोन सीट एका दिशेला आणि दोन त्यांच्या समोर, उलट्या दिशेला घ्यायला लावल्या होत्या, आणि बुक्सनंतर ते शांतपणे उठून जावयाच्या जागेवर जाऊन बसले.