रिले किट बसवूनही डिपर मंदच: गुन्हेगार निघाले अर्थिंग

मागच्या नोंदीत माझ्या रॉयल एनफिल्ड मोटारसायकलच्या मंद हेडलाइटला रिले किट बसवून झाल्याचे आणि आता फक्त फोकस सेट करायचा राहिल्याचे लिहिले होते. त्यानंतर काही लिहिले नाही, कारण फोकस सेट करण्याजोगा उजेडच पडत नव्हता. अखेर या आठवड्यात कोडे सुटले. ते कुठे सुटले हे सविस्तर लिहितो, कारण रिले लावूनही समाधान न झालेले आपल्यात बरेच जण आहेत.

गाडी तीच, 2014 ची क्लासिक 350. सात इंची काचेचा डूम (हेडलाइटची काच आणि रिफ्लेक्टर मिळून होणारा भाग) आणि एच-4 प्रकारचा 60/55 वॅटचा साधा बल्ब: अपर म्हणजे लांबचा उजेड 60 वॅटचा, डिपर म्हणजे जवळचा, खाली पडणारा उजेड 55 वॅटचा. रिलेपूर्वी रेस थोडी वाढवून मोजले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर 14.1 व्होल्ट आणि डिपर पेटलेला असताना बल्बच्या होल्डरवर 11.6 व्होल्ट मिळत होते. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेतच जिरत होते. रिलेचे कामच हे की बल्बचा करंट हँडलवरच्या स्विचमधून न जाता 30 नंबरच्या टोकातून 87 वर थेट बॅटरीकडून यावा आणि स्विचने फक्त 85-86 मधली कॉइल ओढावी. त्यामुळे किट लावल्यावर आकडा 13 च्या पुढे जायला हवा होता. प्रत्यक्षात तो 12.1 वर अडकला.

पहिला संशय किटच्या वायरीवर गेला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. ब्लेडने वायरीचे टोक खरवडले, तर वरचा तांबूस रंग निघून आतून पांढरी चकाकी दिसली. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर होती ती. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये रिले आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग) बरे असतात, पण वायर जवळपास नेहमी अशीच निघते, त्यामुळे किट हातात येताच आधी टोक खरवडून पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. मी ती सगळी वायर काढून लातूरच्या बाजारातून घरगुती वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज टाकला, प्रत्येक थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून वर सोल्डर केले आणि मोठ्या अपेक्षेने मल्टिमीटर लावला. 12.3 व्होल्ट. एवढ्या खटाटोपाचे फळ दोन दशांश व्होल्ट!

पुढचा धागा अनपेक्षितपणे हाती लागला. रात्री बाजार समितीच्या गोदामाच्या भिंतीसमोर फोकस पाहत असताना डावा इंडिकेटर चालूच राहिला होता, आणि भिंतीवरचा उजेड त्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर किंचित मंद होत होता. हँडल पूर्ण डावीकडे वळवले की तो आणखी उतरत होता. आता हेडलाइटचा पॉझिटिव्ह तर रिलेमुळे पूर्णपणे वेगळा झालेला आहे, इंडिकेटरशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. मग दोघांमध्ये सामाईक काय राहिले? फक्त करंटची बॅटरीकडे परतीची वाट, म्हणजे अर्थ.

मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी होल्डरमधल्या अर्थच्या पिनवर ठेवून डिपर पेटवला, तर 1.5 व्होल्ट दिसले. तिथे 0.2 च्या आत आकडा असायला हवा. ही चाचणी बल्ब पेटलेला असतानाच करावी लागते, हे पुन्हा एकदा सांगतो. बल्ब बंद ठेवून ओहम मोजले तर मीटर सगळे ठीक असल्याचे दाखवतो, कारण त्याच्या नगण्य करंटला वायरीतली एखादी शाबूत तारसुद्धा पुरते. बल्बच्या साडेचार-पाच अँपिअरला ती पुरत नाही.

जागा सापडत नव्हती. हेडलाइटच्या डब्यातले सगळे कपलर उघडून पुसले, फरक शून्य. शेवटी ज्यांच्याकडे मी डायनामो आणि सेल्फची कामे नेतो त्या इलेक्ट्रिशियन चाचांना दाखवले. त्यांनी गाडीला हातही न लावता सांगितले, "साहेब, मानेजवळची टेप सोडा. सगळ्या अर्थांचा जोड तिथेच असतो, आणि हँडल फिरून फिरून तोच तुटतो."

टेप उलगडली तसतशी आतून काळ्या मातीची पिठासारखी पूड गळत गेली. आपल्याकडची ही माती पावसाळ्यात चिखल होऊन आत शिरते आणि मग वर्षभर ओल धरून बसते. शेवटच्या वेढ्याखाली पितळी पट्टीने दाबलेला तीन-चार वायरींचा जोड होता, त्याच्यावर हिरवट पूड साचली होती, आणि हेडलाइटच्या वायरीतल्या बहुतेक तारा पट्टीच्या तोंडाशी तुटून मोजक्याच शिल्लक होत्या. वायर कापत मागे गेलो तरी तांबे काळेच निघत होते. वीतभर कापल्यावर कुठे चकचकीत तांबे दिसले.

जोड नव्याने करून त्याला सोल्डर आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी दिली. शिवाय होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत 2.5 ची स्वतंत्र वायर टाकली. चॅसीवर नट आवळून अर्थ घेण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण रंग आणि गंज यांच्या भरवशावर मला आता काहीही सोडायचे नाही. मीटर लावला: अर्थच्या बाजूला 0.2, पॉझिटिव्हला 0.3, आणि बल्बवर 13.6 व्होल्ट.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. त्या हिशेबाने 11.6 वरून 13.6 वर येणे म्हणजे त्याच बल्बातून सुमारे सत्तर टक्के जास्त उजेड. एच-4 चा अपरला 1650 आणि डिपरला 1000 ल्युमेन हा प्रमाणित आकडा 13.2 व्होल्टवरचा असतो, तेव्हा आपल्यापैकी कितीजण प्रत्यक्षात निम्म्या-पाऊण बल्बावर गाडी चालवत असतील याचा विचार करावा. बल्बचे आयुष्य आता कमी होणार, हे मान्य. सीटखाली एक जादा बल्ब ठेवला आहे.

या सगळ्याचे चीज अंबाजोगाई रस्त्यावर झाले. रेणापूर फाटा मागे पडल्यावर दिवे संपतात आणि गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांखाली (शेंड्याच्या पानांखाली) झाकलेला. डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या आपल्या देशात डिपरचा फोकस डावीकडे थोडा वर उचललेला असतो, आणि ट्रॉली नेमकी तिथेच असते. परवा समोरून ट्रक येत असताना, अपर न लावता, ट्रॉलीतून लोंबणारे वाढे डाव्या कडेला मला बऱ्याच अंतरावरून हलताना दिसले. पूर्वी ट्रॉली जवळ आल्यावर काळी भिंत उभी राहावी तशी दिसायची.

100/90 वॅटच्या बल्बविषयी विचारणा झाली होती. मी तो लावणार नाही. प्लास्टिकचा होल्डर वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि रस्त्यावर तो नियमातही बसत नाही. काचेच्या डूममध्ये एलईडी बल्ब टाकू नये हे माझे मतही बदललेले नाही. एच-4 मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवरचा उजेड अडवते आणि त्यातूनच फोकसची वरची रेष तयार होते. एलईडीच्या चिपा नेमक्या फिलामेंटच्या जागी आल्या नाहीत तर ती रेष विस्कटते. मित्राच्या गाडीवर पुढच्या चाकाजवळ लख्ख आणि लांबवर अंधार असाच प्रकार आहे.

पुढचा बेत सात इंची एलईडी डूमचा होता आणि एक जवळपास पसंतही केला होता. पण त्याच्या काचेचा फोटो मोठा करून पाहिला तर त्यावर बाणच नाही. युरोपीय खुणेच्या दिव्यावर डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी, दिव्यासमोर उभे राहिल्यास आपल्या उजवीकडे जाणारा बाण असतो. बाण नसेल तर तो दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी असतो आणि आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड फेकतो. बाण असलेला डूम बराच महाग आहे. 13.6 व्होल्टवर हा साधा बल्ब जे दाखवतो आहे ते पाहता मी ती खरेदी तूर्त थांबवली आहे.

आणि हे लिहिता लिहिताच सुचले की मागच्या दिव्याचा अर्थसुद्धा अशाच एखाद्या जोडातून येत असणार. ब्रेकचा 21 वॅटचा बल्ब पेटवून तिथेही तीच दोन सुयांची चाचणी करायची आहे. ऊसवाल्यांच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही म्हणून बोटे मोडण्याआधी माझा दिवा मागच्याला किती दिसतो ते मोजून घेतो. फोकस त्यानंतर सेट करीन: 25 फुटांवर भिंत, मागे माणूस बसलेला, आणि डिपरची रेष डूमच्या मध्यापेक्षा दोन इंच खाली. मागच्या दिव्याचे आकडे पुढच्या नोंदीत येतीलच. कोणी आपल्या गाडीवर अर्थची बाजू मोजली असेल तर मॉडेल आणि वर्षासह आकडा जरूर लिहावा.