‘आता तरी खूश आहेस ना?’

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी, झालेल्यांचा एक गट मी चालवते. आठ-दहा माणसं, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आमच्या खोलीत औषधं लिहून दिली जात नाहीत, आहाराचे तक्ते मिळत नाहीत आणि वजनकाटाही नाही. किती किलो उतरले ते इथे सांगायचं नाही आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असे दोनच नियम. नव्या माणसाला पहिला नियम जड जातो, कारण बाहेर भेटेल तो त्याला आधी किलोच विचारतो. आणि मग, ‘आता तरी खूश आहेस ना?’

विचारणारा मायेनंच विचारतो. पण या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. एवढं मोठं ऑपरेशन झालं, घरच्यांनी धावपळ केली, पैसा गेला. आता ‘नाही, बरं वाटत नाहीये’ हे कुणाला सांगायचं? म्हणून कुणालाच सांगितलं जात नाही.

शस्त्रक्रियेवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. मधुमेह आटोक्यात येतो, गुडघ्यांवरचा भार उतरतो, झोपेत श्वास अडकणं कमी होतं. पहिल्या वर्षात बऱ्याच जणांची उदासीही हलकी होते. पण मन शरीराच्या वेगानं बदलत नाही. आमच्या गटातला एक तरुण मुलगा अजूनही हात नसलेली खुर्चीच शोधतो, आणि बसण्याआधी तळहातानं सीट दाबून बघतो, आपलं वजन पेलेल का म्हणून. आता त्या खुर्चीत तो ऐसपैस मावतो. हात मात्र आधी सीटवर जातोच.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी गटात दोन माणसं पहिल्यांदाच समोरासमोर आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एक शिक्षिका, स्लीव्ह होऊन चार महिने झालेल्या. या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात. त्यांचे केस गळत होते. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते बऱ्याच जणांचे गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. पण तेवढं सोडलं तर बाई उत्साहानं फुललेल्या होत्या. दुसरे पन्नाशीतले गृहस्थ, हिशेबाचं काम करणारे. त्यांची जठराची बायपास (हृदयाची नव्हे, वजन घटवण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) होऊन तीन वर्षं झाली होती. वर्षभर ते तपासणीलाही फिरकले नव्हते. सर्जनच्या नर्सनं पुन्हा पुन्हा फोन केला, तेव्हा कुठे गटात आले.

ओळख करून देताना ते म्हणाले, “किलो सांगायचे नाहीत असं कळलं. बरंच झालं. पण पट्ट्याची भोकं सांगतो. आत आत गेलेला पट्टा आता तीन भोकं बाहेर आलाय.”

शिक्षिकेचा चेहरा उतरला. मग त्या चिडल्याच. “दादा, राग मानू नका, पण तुमचं परत वाढत असेल तर मी पोट कापून कशाला घेतलं? खरं सांगा, काय खाता तुम्ही?”

झालं. चहूबाजूंनी सल्ले सुरू झाले. प्रथिनं घ्या, चाला, पाणी घोट घोट प्या, जेवताना पिऊ नका. सगळं बरोबर होतं आणि त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता. गटात सल्ल्यांचा असा पाऊस पडतो तेव्हा माझ्या अनुभवात त्यामागे बहुतेक वेळा भीती असते. समोरच्याचं दुखणं त्याच्याच चुकीनं झालं असं ठरवून टाकलं, की ते आपल्याला होणार नाही अशी खात्री वाटते. वजन साधारण एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली येतं आणि त्यानंतर थोडं चढणं नेहमीचं आहे, हे ऑपरेशनआधी प्रत्येकाला सांगितलेलं असतं. पण ऐकणं वेगळं, आणि ज्याचं चढलंय तो शेजारच्या खुर्चीत बसलेला पाहणं वेगळं.

मी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, पुढची दहा मिनिटं कुणीही त्यांना उपाय सांगायचा नाही. त्यांचं ऐकून तुमच्या पोटात काय झालं, ते फक्त सांगा. सर्वांत जुन्या सदस्य, एक आजी, पहिल्यांदा बोलल्या. “माझंही चढलंय. मागच्या वेळी मी हसून वेळ मारून नेली.” तो खुर्ची दाबणारा मुलगा म्हणाला, “मी रोज पाच-पाच वेळा काट्यावर उभा राहतो. आईला माहीत नाही.” शिक्षिका गप्प होत्या.

मग ते गृहस्थ म्हणाले, “खाण्याचं नाहीये हो. मी पितो.”

आधी कधीतरी, समारंभापुरतं घ्यायचे. बायपासनंतर दुसऱ्या वर्षी पुन्हा हातात पेला आला आणि एका पेगात जे होतं त्याला पूर्वी तीन लागायचे. हा काही त्यांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. बायपासमध्ये जठराचा वरचा जेमतेम तीस मिलिलिटरचा भाग वापरात ठेवतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. दारू तिथे झपाट्यानं पोचते, रक्तातली पातळी भराभर चढते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूचा विकार असलेल्यांचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होतं, दुसऱ्या वर्षात ते ९.६ टक्के झालं. पहिल्या वर्षात मात्र वाढ नव्हती. सगळे निर्धास्त होतात, तपासण्या विरळ होतात, नेमक्या त्याच सुमारास हे सुरू होतं.

पण त्यांनी कारण सांगितलं ते वेगळंच होतं. “पूर्वी रात्री घरचे झोपले की मी एकटा खात बसायचो. तेवढ्यानं दिवस संपायचा. ऑपरेशननंतर ते खाणं बंद झालं. दिवस मात्र तसेच राहिले.”

शिक्षिका रडायला लागल्या. त्या गृहस्थांकडे वळून त्यांनी म्हटलं, “लोक माझ्याशी जसं बोलायचे ना, तशीच मी आत्ता तुमच्याशी बोलले.” आणि मग त्यांचं स्वतःचं बाहेर पडलं. शाळेत रोज कुणीतरी कौतुक करतं, आणि रोज त्यांना राग येतो. त्याच स्टाफरूममध्ये त्या कितीतरी वर्षं होत्या, शेजारची खुर्ची रिकामी असायची. आता तीच माणसं डबा घेऊन बाजूला येऊन बसतात. “मी तीच आहे की. मग आधी काय कुणीच नव्हते?” घरीही नवरा अबोल झाला होता. नवी साडी कुणासाठी, असं एकदा त्यानं विचारलं होतं. हसत विचारलं, पण विचारलं.

हेही नवीन नाही. २०१८ साली स्वीडनमधल्याच एका अभ्यासात दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर एकट्या असलेल्या माणसांना जोडीदार मिळण्याचं प्रमाण वाढतं, आणि आधीपासून नात्यात असलेल्यांत वेगळं होण्याचंही वाढतं. एका माणसाचं शरीर बदललं की घरातली सगळी मांडणी हलते. ऑपरेशनआधी हे जोडप्याला बसवून कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बैठक संपल्यावर मी त्या गृहस्थांना थांबवून घेतलं आणि सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो, हा गैरसमज आहे. आणि या रुग्णांना तर विचारलंच पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यानं तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांच्या दीडपटीपर्यंत गेलेलं दिसलं होतं. ते थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले. म्हणाले, “सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं. करायचं असं काही ठरवलेलं नाही.” जवळ साधन आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हेही विचारलं. दोन्हींना नाही म्हणाले.

एकदम दारू सोडू नका, असं मी त्यांना बजावलं. ऐकायला उलटं वाटेल, पण रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. त्यात बायपास झालेल्या माणसाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व आधीच कमी पडण्याचा धोका असतो आणि दारू ते आणखी उतरवते. मेंदूला इजा होईपर्यंत प्रकरण जातं. मी त्यांच्यासमोरच मनोविकारतज्ज्ञांना आणि सर्जनना फोन लावला. बायकोला कळवायला ते आधी तयार नव्हते. मग म्हणाले, “तुम्हीच सांगा, मी इथे बसतो.” पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, “मला वास येतोच की. ते कधी सांगतात, याची वाट बघत होते.” तासाभरात त्या घ्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी ते दाखल झाले.

नंतर एका सहकाऱ्यानं सुचवलं, की नव्या रुग्णांचा गट वेगळा करावा, अशा गोष्टी ऐकून त्यांचं खच्चीकरण होतं. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला ते पटलं नाही. तरी ठरवायचं गटानं, म्हणून पुढच्या बैठकीत विषय काढला. शिक्षिकाच आधी बोलल्या. “दोन वर्षांनी माझ्यावर ही वेळ आली, तर मी लपून बसणार नाही. कारण मी एकाला हे बोलताना पाहिलंय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. गट एकच राहिला.

काही आठवड्यांनी ते गृहस्थ परत आले. पट्ट्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. झोप लागते का, एवढं विचारलं. लागत नव्हती अजून. शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनात दारूबद्दलचा आणि घरातल्या नात्यांबद्दलचा भाग आता मी स्वतः घेते आणि जोडीदाराला सोबत बोलावते. कुणी एकटंच आलं, तर दुसरी वेळ देते.