भामगिरीवर ‘मी कोण?’

पुण्यातून ध्यानाला कुठे जावं, असं कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: आळंदी. नाहीतर देहूचा भंडारा डोंगर. मी या वेळी चाकणजवळचा भामचंद्र डोंगर, म्हणजे तुकोबाचा भामगिरी, धरला, आणि त्यामागचं कारण पार तमिळनाडूतलं आहे.

गेले काही महिने डोक्यात रमण महर्षी होते. 1896 साली मदुराईत, काकांच्या घरी, सोळा वर्षांच्या एका धडधाकट मुलाला (तेच पुढे रमण) एकाएकी मरणाची भीती वाटली. तो घाबरून कुणाला बोलवायला धावला नाही. प्रेतासारखे हातपाय ताठ करून पडून राहिला आणि स्वतःलाच विचारू लागला: आता हे शरीर मेलं, जाळून राख झालं, तर ‘मी’ मेलो का? त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो घर सोडून तिरुवण्णामलईला पोचला आणि अरुणाचल डोंगर त्याने पुन्हा सोडला नाही. तिथल्या विरूपाक्ष गुहेत तर वर्षानुवर्षं राहिला.

आता गुहा म्हटली की पुणेकराला आपला तुकोबा आठवणारच. त्यालाही आत वळवलं ते मरणानेच. फरक एवढाच, की तुकोबाला ते कल्पनेत आणावं लागलं नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात बायको ‘अन्न अन्न करितां’ गेली, घरातलं द्रव्य आटलं, लोकांतला मान गेला. मग माणूस डोंगरावर जाऊन बसला. ‘भामगिरी पाठारी वस्ती जाण केली, वृत्ती स्थिरावली परब्रह्मीं’ असं त्याने सांगून ठेवलंय. वृत्ती स्थिरावली! ‘मी कोण?’ हा आत्मविचार करणारा ज्यासाठी धडपडतो ते एवढंच. म्हटलं, जिथे ती स्थिरावली ती जागा तरी बघून यावी.

चाकणपर्यंतच्या रस्त्याबद्दल काय लिहायचं? पुणे-नाशिक रस्ता आणि चाकणचे चौक ज्याने सोसलेत त्याला सांगायला नको, न सोसलेल्याला सांगून पटायचं नाही. आंबेठाणच्या बाजूला वळलं की थोडी हवा लागते. शेतकरी नेते शरद जोशींचं शेत, अंगारमळा, याच आंबेठाणचं. पण पुढे वासुलीकडे जाताना शेतं मागे पडतात आणि एमआयडीसी सुरू होते. कारखान्यांची लांबच लांब कुंपणं, पत्र्याच्या शेड, कामगारांना सोडणाऱ्या बसगाड्या, ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या. आणि या सगळ्यातून मध्येच उभा कातळ घेऊन वर आलेला भामचंद्र.

चढ फार नाही, पण उन्हाचा आहे. वर कातळात कोरलेली गुहा, आत महादेवाची पिंड. आजूबाजूच्या कपारींत साधक राहतात. ज्ञानेश्वरी, गाथा यांचा अभ्यास करणारी बहुतेक तरुण पोरं. दोरीवर वाळत घातलेली धोतरं, पाण्याचे कॅन, स्टोव्हवर चहाचं पातेलं. म्हणजे कल्पनेतला तपोवनाचा देखावा इथे मिळायचा नाही. मला हे जास्त आवडलं.

“माउली, चपला तिकडं काढा,” एकाने आतूनच सांगितलं. मग चहा आला. कुठून आलात, काय करता, असं झाल्यावर मी त्याला विचारलं, तुम्ही ध्यान कसं करता?

“वेगळं काय करायचं? पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी चिंतन, सांजच्याला हरिपाठ.”

मी त्याला रमणांची रीत सांगितली. विचार आला की त्याच्यामागे जायचं नाही. हा कुणाला आला, असं विचारायचं. उत्तर येतं, मला. मग हा मी कोण? तिथे शब्दांत उत्तर द्यायचं नसतं. ‘मी ब्रह्म आहे’ असं तर मुळीच घोकायचं नाही. लक्ष त्या ‘मी’च्या जाणिवेवर ठेवायचं, ती उगवते कुठून ते बघायचं. जिथे ती विरते त्याला रमण हृदय म्हणतात. छातीत उजवीकडे, असं ते विचारणाऱ्याला सांगतही. पण त्या जागेवर ध्यान लावत बसण्यापेक्षा ‘मी कोण’ हा विचार करा, हाही त्यांचाच सल्ला. कारण ते हृदय शरीरात नाही, शरीरच त्याच्यात आहे.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातली ओवी म्हटली:

“तैसा हृदयामध्यें मी रामु । असतां सर्वसुखाचा आरामु । कीं भ्रांतासी कामु । विषयावरी ॥”

मग म्हणाला, “आमच्यात आधी त्याला धुंडतात. तो गावला की ‘मी’ राहतोय कुठं?” आणि लगेच, “तुमचं पाठांतर काय काय आहे?”

काही नाही, हे सांगताना चहा घशात अडकला.

हे सगळं एकच आहे हो, असं म्हणून मान डोलवायचा मोह तिथे फार होतो. मला ते पटत नाही. तुकोबाने नाम शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याला समोर विठोबा लागतो, भांडायलासुद्धा. रमणांच्या वाटेवर समोर कुणीच नसतं, प्रश्नसुद्धा टिकत नाही. चितेतली लाकडं सारणारी काठी जशी शेवटी स्वतःच जळते, तसा ‘मी कोण’ हा विचार बाकीचे विचार जाळून आपणही जळतो, असं ते म्हणत. मात्र याच डोंगरावरच्या साक्षात्काराबद्दल तुकोबा ‘विठोबा भेटला निराकार’ म्हणतो, तेव्हा माझी पंचाईत होते. निराकार विठोबा! कर कटावरी ठेवलेलं ते रूप ज्याला इतकं गोड, त्याच्या तोंडी हा शब्द. इथे मी वाद घालणं सोडून दिलं.

गुहेत बसलो. आत वटवाघळांचा उग्र दर्प, गार फरशी, थोड्याच वेळात आखडलेला गुडघा. खालून कुठल्याशा कारखान्याचा प्रेस ठराविक अंतराने धप्प करत होता. आधी चिडचिड झाली. मग म्हटलं, हाच घेऊ. धप्प. कुणाला ऐकू आलं? मला. हा मला म्हणणारा कोण? तिथे खरंच एक फट पडते. आवाज असतो, ऐकणं असतं, पण ऐकणाऱ्याला पकडायला जावं तर हाताला काही लागत नाही. पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. मग खाली लावलेल्या गाडीची आठवण झाली, आणि ती कुणाला झाली हे विचारायचं राहूनच गेलं.

शहरातल्या एका शिबिरात हृदयावर ध्यान म्हणून छातीवर हात ठेवून प्रेमाच्या लहरी सोडायला लावल्या होत्या, मागे मंद बासरी. बरं वाटतं, नाही असं नाही. पण ज्याला बरं वाटतंय त्याची चौकशी तिथे कुणी करत नाही. या गुहेत बासरी नाही, प्रेस आहे, आणि चौकशीला तो बरा पडतो.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत न्या, पावसात कातळावर पाय जपून टाका. साधकांचे पाठ चालू असतील तर मध्ये बोलू नका. फोटोसाठी त्यांना उभं करू नका. रिकाम्या हाताने गेलात तरी चहा मिळतो, पण वर सगळं सामान पोरांना पाठीवर वाहून न्यावं लागतं, तेव्हा साखर, चहापत्ती, डाळ असं काही पिशवीत टाका. मी पुढच्या खेपेला तेवढं आणि हरिपाठाचे निदान पहिले पाच अभंग पाठ करून नेणार आहे, कारण तो विचारल्याशिवाय राहायचा नाही.