तुम्ही विचारलंत म्हणून: युनियन असून काय मिळालं?

इंदूरच्या मराठी घरांत कामगारांचा विषय निघाला की फिरून एकच प्रश्न येतो. हुकुमचंद या कापड गिरणीत, म्हणजे हुकुमचंद मिलमध्ये, युनियन होती, मग हक्काचे पैसे मिळायला तीस वर्षं का लागली? पाठोपाठ शेराही येतो: पुढारी विकले गेले असणार. फार ऐकलं. आता एकदा नीट सांगते.

मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि पुढे अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायचं काम कोर्टाच्या अवसायकाकडे गेलं. बंद मिलमध्ये संप करून कुणाचं उत्पादन अडवणार? तिथून पुढे कामगार हा फक्त एक धनको, कंपनीकडून पैसे येणं असलेला माणूस, उरला. कंपनी कायद्यात 1985 साली आलेल्या 529अ कलमानं कामगारांची देणी आणि तारण ठेवून घेतलेल्या बँकांचं कर्ज एकाच रांगेत उभं केलं, बाकीचे सगळे त्यांच्या मागे. पण रांगेत पुढे असून काय, खिडकीत पैसेच नसतील तर?

पैसे अडकले होते जमिनीत. शहराच्या ऐन मध्यात सुमारे साडेबेचाळीस एकर. जमीन विकायची तर मालकी स्वच्छ हवी, आणि तिच्यावर महापालिकेनंही दावा सांगितलेला. असल्या जमिनीवर लिलावात कोण बोली लावणार? 2007 मध्ये उच्च न्यायालयानं कामगारांची देणी 229 कोटी ठरवली. आकडा ठरला, पैसा आला नाही. 2017 मध्ये 50 कोटी आले. उरलेल्यासाठी राज्याच्या गृहनिर्माण मंडळाला जमिनीच्या व्यवहारात यावं लागलं, तेव्हा कुठे 25 डिसेंबर 2023 ला व्याज धरून सुमारे 224 कोटींचा चेक अवसायकाच्या हाती पडला. तोवर कितीतरी कामगार गेले होते.

आणि चेक वटला म्हणजे पैसे घरी आले असंही नाही. दावा एकेकाचा तपासला जातो. मिलचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफ किंवा ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, यातलं काहीतरी लागतंच. कामगार गेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. जुन्या हजेरीपटावर नाव असतं 'गणपत वल्द सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा गणपत; आधारवर त्याच माणसाचं आडनाव असतं, वडिलांचं नाव नसतं. दोन्ही माणसं एकच हे शपथपत्रावर सिद्ध करायचं. यादी लावणं, वारस शोधणं, तारखेला कोर्टात माणूस उभा करणं, हे सगळं कामगार संघटनांच्याच लोकांनी केलं. एकट्या माणसानं इतकी वर्षं तारखा सांभाळल्या असत्या का? युनियन असून काय मिळालं विचारता, ते हे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती झाकून उत्तर पुरं होत नाही. युनियनची ताकद यंत्रं चालू असतात तोवरच. मग ती ताकद कशावर खर्च झाली? आपली मागणीपत्रकं आजही काढून बघा: पगारवाढ, बोनस, घरभाडं, गणवेश. कामगाराचा जमा होत जाणारा पैसा आहे कुठे, ही मागणी क्वचित दिसते.

ग्रॅच्युइटीच घ्या. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 18,200 रुपये आणि वीस वर्षं धरली तर दिवसाचे 700, म्हणजे 2,10,000. कंपनीच्या नुसत्या वहीत हे दोन लाख 'देणं' म्हणून पडून असतील, तर टाळं लागल्यावर ते जमिनीच्या लिलावाची वाट बघणार. तेच पैसे वेगळ्या ट्रस्टमध्ये किंवा एलआयसीच्या गट योजनेत दरवर्षी भरले जात असतील, तर मिल बुडाली तरी भरलेला पैसा कामगाराचा. म्हणून करारात कलम मागा: भरणा दरवर्षी अमुक तारखेपर्यंत आणि पावतीची प्रत युनियनला. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. कपात होऊन भरणा दिसत नसेल तर कंपनीकडे रोकड आटतेय, हा पहिला इशारा. आणि करार श्रम खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर करा. खाजगीत झालेला करार सही करणाऱ्या दोन बाजूंनाच बांधतो, समेटात झालेला सगळ्या कामगारांना, उद्या भरती होणाऱ्यालाही. श्रमायुक्तांचं कार्यालय इथे इंदुरातच आहे, लांब जायचं नाही.

एका गोष्टीवर माझं माझ्याशीच भांडण आहे. मध्य प्रदेशच्या 1960 च्या औद्योगिक संबंध कायद्यात बोलणी करायचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला होता. पूर्वी मी याची जोरात बाजू घ्यायचे: एक कारखाना, एक युनियन, म्हणजे मालकाला फोडाफोडी करता येत नाही. पण त्या एकाच युनियननं ग्रॅच्युइटीचा प्रश्न काढलाच नाही, तर दुसऱ्या कुणी काढायचा? नव्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलते. तेवढे कुणाकडेच नसतील तर युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद, दर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. परिषद बरी वाटते, मग इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत एकेका कारखान्याच्या गेटवरचे चार-चार झेंडे आठवतात आणि पुन्हा जुनंच पटायला लागतं. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर सांगा. फक्त 'विकले गेले' म्हणू नका.