लाकडी जमीन, टर्नटेबल आणि स्प्रिंगा: आयसोलेशनचं अपडेट

आमची चाळ गिरगावातली, जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे कोणी जरा जोरात चाललं की टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) सुई उडते. हे धक्के तिच्यापर्यंत पोहोचू न देणं म्हणजे आयसोलेशन. काँक्रीट स्लॅबवाल्यांना हा त्रास सहसा होत नाही, पण जुन्या घरात राहणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. म्हणून या वेळी नुसतं कानावर न सोडता मोजून बघायचं ठरवलं.

पद्धत एकदम सोपी आहे, प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी तबकडी) बंद ठेवायचा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवायची, स्पीकर म्यूट, आणि फोनो प्रीअँपचं (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या बॉक्सचं) आउटपुट ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं. दादाला दारापासून खिडकीपर्यंत नेहमीसारखं चालायला सांगितलं. प्रत्येक पावलाचा ठोका स्क्रीनवर स्पष्ट दिसतो आणि त्यानंतर काही क्षण 8 हर्ट्झच्या आसपास थरथर चालूच राहते. हे 8 येतात कुठून, तर आर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची सुईची डबी) यांच्या रेझोनन्समधून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या थरथरण्याच्या लयीतून. माझ्या आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं वजन) 12 ग्रॅम, ऑर्टोफॉन 2एम रेड या कार्ट्रिजचं वजन 7.2 ग्रॅम आणि कंप्लायन्स (सुईचा लवचीकपणा) 20, तर 12 आणि 7.2 ची बेरीज गुणिले 20, त्याचं वर्गमूळ काढून त्याने 159 ला भागा, 8 च्या जरा वर उत्तर येतं.

आता टर्नटेबलखाली ठेवायच्या स्प्रिंगच्या पायांची गंमत बघा. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते मोजायचं आणि त्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागायचं, की तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळते. 4 मिमी दबली तर 8 हर्ट्झ, म्हणजे बरोबर आर्मच्याच आकड्यावर, आणि तिथे आयसोलेशन सोडा, थरथर उलट वाढते. कमी स्प्रिंगा लावून 10 मिमी दाबल्या तर 5 हर्ट्झ, पण त्यांचा फायदा 7 हर्ट्झच्या वरच सुरू होतो. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, तो धक्का सरळ वर येतो आणि टर्नटेबल पाळण्यासारखं डुलतं. टर्नटेबल ज्यावर होतं त्या कपाटावर बोटाने टकटक केली तर मात्र तीच स्प्रिंग ती जवळजवळ पूर्ण गिळते, म्हणजे वस्तू खोटी नाहीये, आपल्या दुखण्यावरचं ते औषध नाही एवढंच. सॉर्बोथेनचंही (धक्के शोषणारं रबरासारखं मटेरियल) तसंच, वजनाच्या हिशोबाने कडकपणा निवडला नाही तर पैसे पाण्यात.

खरा फरक पडला तो टर्नटेबल भिंतीवरच्या शेल्फवर नेल्याने. विटांच्या जाड भिंतीत अँकर फास्टनर मारून लोखंडी ब्रॅकेट बसवले, वर 40 बाय 45 सेंमीचा 2 सेंमी जाडीचा कडप्पा, तोच जवळपास दहा किलो भरतो. दादा तसाच चालला आणि ग्राफमध्ये पाऊल शोधावं लागलं!! ऐकताना म्हणाल तर आवाज वाढवला की आधी वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा उगाच आतबाहेर हलायचा आणि डग्ग्याचा घुमारा पुढच्या ठोक्यात मिसळायचा, आता प्रत्येक घुमारा सुटा येतो. यातला थोडा वाटा स्पीकर त्या कपाटावरून उतरवून स्टँडवर नेल्याचाही आहे, दोन्ही एकाच दिवशी केलं त्यामुळे किती कशाचा ते वेगळं सांगता येणार नाही.

डॅकखालीही (डिजिटल सिग्नलचा आवाजी सिग्नल करणारा बॉक्स) तेच स्प्रिंगचे पाय ठेवून बघितले. एकच ट्रॅक पायांसकट आणि पायांशिवाय रेकॉर्ड केला, एक उलटा करून दुसऱ्यात मिसळला, खाली फक्त नेहमीची नॉइज उरली, संगीताचा मागमूस नाही. दादाने मला न सांगता अदलाबदल केली तेव्हाही मला ओळखता आलं नाही. ज्यात सुई नाही, व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) नाही, अशा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि चिपवाल्या बॉक्सखाली हजारो रुपये घालू नका असं मी अगदी मनापासून सांगेन, तेवढ्यात चांगलं कार्ट्रिज येतं.

स्पीकरखाली स्पाइक काढून मऊ पॅड घातलेत, स्पाइक (टोकदार पाय) स्पीकरला जमिनीशी पक्कं जोडतात, वेगळं करत नाहीत. फळ्यांची गुणगुण कमी झाली, खालच्या काकूंनीही आपणहून सांगितलं की आता धमधम ऐकू येत नाही.

पुढचा नंबर व्हॉल्व्ह प्रीअँपचा. त्यातल्या एका 12एएक्स7 व्हॉल्व्हला पेन्सिलने हलकं टोचलं की स्पीकरमधून टिंग येतं, दुसऱ्याला तेवढं येत नाही. आधी दोघांची जागा बदलून बघतो, मग सिलिकॉनच्या रिंगा चढवतो, आणि मोजणं याच पद्धतीने.