सामानात गाडी

भाई मूळचे पेडण्याचे. एकतीस वर्षं मस्कतला काढून २०१९च्या पावसाळ्यात कायमचे घरी आले आणि आठवड्याभरात वास्कोला माझ्या ऑफिसात. माझं काम कस्टम ब्रोकरचं. कारखान्यांचा कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग आणि मधूनच आखातातून परतणाऱ्यांचं घरसामान सोडवून देणं, हा रोजचा रतीब. घरसामान म्हणजे गाद्या, मिक्सर, एखादा जुना फ्रीज आणि डझनभर ब्लँकेटं. अर्ध्या दिवसाचं काम.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, ‘वापरलेलं घरगुती सामान’ एवढंच होतं. वीस फुटी कंटेनर. मी यादी मागितली. भाईंनी हाताने लिहिलेला कागद काढला आणि मी एकेक ओळ टाइप करायला घेतली. सतराव्या ओळीवर हात थांबला.

‘लँडक्रूझर - १’

“भाई, हे खेळणं काय?”

“खेळणं कसलं? गाडी. आतल्या बाजूला बांधलीय, सामान तिच्यापुढे रचलंय.”

मी खुर्चीतून उठून दरवाजा लावून घेतला. बाहेर दुसरी पार्टी बसली होती.

मस्कतच्या कुठल्याशा एजंटने त्यांना सांगितलं होतं, जुनी खाजगी गाडी म्हणजे घरसामानच, त्यातच जाते. पैसे घेतले, कंटेनर भरला, सील मारलं, विषय संपला. आता गंमत अशी की आपल्या १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात अगदी सुरुवातीला, व्याख्यांच्या कलमातच, सामान म्हणजे काय ते लिहिलंय: प्रवाशासोबत न आलेलं सामानही सामानच, पण मोटार वाहन सामानात येत नाही. एका ओळीचा मामला. ती ओळ मी भाईंना वाचून दाखवली. ते म्हणाले, “बरं, मग वेगळी ड्यूटी भरू.”

तेव्हा जुन्या मोटारीवर मूळ शुल्कच १२५ टक्के होतं. वर अधिभार, आयजीएसटी, सेस. असल्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला सगळं धरून किमतीच्या अडीचपट नुसता कर. भाईंनी आकडा ऐकला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “चालेल.” त्या ‘चालेल’चंच मला वाईट वाटलं, कारण पुढचं अजून सांगायचं होतं.

वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांच्या वर गेलेली नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. डिपर, म्हणजे पुढच्या दिव्याचा खालचा झोत, डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. आणि उतरवायची ती मुंबईलाच, इथे मुरगाव बंदरात नाही. भाईंनी गाडीची मुल्किया, म्हणजे तिकडचं आरसी बुक, माझ्यापुढे सरकवली. मॉडेल १९८२. एफजे ४०, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. एकही अट धड नाही. व्हिंटेजची एक खिडकी होती, पण ती १९५०च्या आधी बनलेल्या गाड्यांना. ही गाडी नवी म्हणायला सदतीस वर्षं जुनी आणि जुनी म्हणायला बत्तीस वर्षं नवी.

“स्टिअरिंग बदलून घेतो. म्हापशाला करून देतात.”

“आणि वय?”

इथे मात्र भाई चिडले. म्हणाले, “आमच्या लहानपणी पेडण्यात जीप म्हणजे लेफ्ट हॅण्डच होती. मागे लिहिलेलं असायचं, लेफ्ट हॅण्ड ड्राइव्ह, नो सिग्नल. पोलिसांची तीच, खाणवाल्यांची तीच. तेव्हा कोण मेलं?”

त्यांचं खरं होतं. अमेरिकन विलिस जीपच्या नमुन्यावर महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं डाव्या स्टिअरिंगच्या जिपा बनवल्या. मोटार वाहन कायद्याचं १२० कलम आजही सांगतं की डाव्या स्टिअरिंगला चालू सिग्नल-यंत्रणा असेल तर गाडी रस्त्यावर चालवा. पण रस्त्याचा कायदा वेगळा, आयातीचं धोरण वेगळं. रस्त्यावर चालते म्हणून ती गोदीतून बाहेर येत नाही. डिपरची अट तर मला पटतेच. त्याचा झोत एका बाजूला जरा उचललेला असतो, रस्त्याची कड दिसावी म्हणून. तिकडच्या दिव्यात तो उजवीकडे उचललेला. आपल्याकडे रात्री तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेहुणा आला. बसता बसताच म्हणाला, “तुमची ओळख असेलच की. पुढची खोकी बघतील, मागे कोण जातंय?” मी त्याला भिंतीवरचं लायसन्स दाखवलं. यादी दडवून कंटेनर उघडला असता तर गाडीबरोबर तेही गेलं असतं. मी कस्टमच्या साहेबांच्या नावे पत्र लिहिलं: पार्टीला नियम माहीत नव्हता, आत गाडी आहे, आम्ही स्वतः सांगतो आहोत, परत पाठवायची परवानगी द्यावी. भाईंनी मराठीत सही केली, अगदी पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

तपासणीच्या दिवशी पाऊस धरून होता. सुपरिंटेंडेंट मॅडमनी सीलचा नंबर ताडून पाहिला, पोराने कटरने बोल्ट तोडला. दार उघडलं तशी ब्लँकेटांची, रबराची आणि पेट्रोलची वाफ अंगावर आली. गाद्या निघाल्या, खोकी निघाली, आणि मागे ती. अंग वाळूच्या रंगाचं, टप पांढरा, चाकांना लाकडी ठोकळे, चारी बाजूंनी पट्टे. मॅडमनी टॉर्च आत धरला. स्टिअरिंगला जुन्या टॉवेलचं कापड गुंडाळून दोऱ्याने शिवलेलं होतं. “हे का?” “उन्हाने हात भाजतो, मॅडम.” त्यांनी ते लिहून घेतलं नाही. बाकी सगळं लिहिलं.

भाईंनी विचारलं, “एकदा आत बसू?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी पावसाकडे. त्या म्हणाल्या, “हाथ मत लगाइए.” स्वरात राग नव्हता. भाई मागे सरले.

पुढचं सगळं कागदी. गाडी जप्त, मग सोडवणुकीचा दंड, शिवाय शास्ती, आणि परत पाठवायच्या अटीवर मोकळी. गाद्या-खोकी सुटली. बंदराचं भाडं आणि कंटेनर अडकवल्याबद्दल शिपिंग लाइनचे डॉलर मात्र रोज चढत होते. एकूण बावन्न दिवस. ज्या एजंटने ‘घरसामान’ म्हणून भरली, त्याने शेवटपर्यंत फोन उचलला नाही. माझी फी मी अर्धी घेतली, ती का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

गाडी आता मस्कतला त्यांच्या जुन्या पार्टनरकडे आहे. २०२५मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना आयात खुली झाली, ती बातमी मी कळवायच्या आधी त्यांचाच फोन आला. “बत्तीस साली,” एवढंच म्हणाले. तेव्हा त्यांना ऐंशी पूर्ण होतील.

गेल्या चतुर्थीला पेडण्याला जाणं झालं, तेव्हा त्यांचा पोर्च पाहिला. परतायच्या आधीच भावाकडून फोनवर बांधून घेतलेला. उजवीकडे भिंत अगदी लगटून आणि डावीकडे चांगली चार फूट मोकळी जागा, ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडावं म्हणून. आता तिथे अल्टो असते. भाई गाडी आत घालतात, इंजिन बंद करतात, आणि गिअरवरून पाय टाकत, धोतर सावरत डाव्या दाराने उतरतात.

मी म्हटलं, “रिव्हर्स घाला की.”

“मान वळत नाही रे आता,” ते म्हणाले आणि पिशवी काढायला परत आत वाकले.